एक अंडं, एक हिवर आणि साडेतीन महिने: सापमार गरुडाच्या जवळ जाण्याचं प्रकरण

आधीच सांगते, जागा सांगणार नाही. सासवड सोडून मोरगाव-सुप्याच्या बाजूला निघालं की जो कोरडा मुरमाड माळ लागतो त्यातली कुठलीतरी एक जागा, एवढंच पुरे. का सांगत नाही ते पुढे येईलच, कारण या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक जागेमुळेच झाली आणि ती माझ्या हातून झाली.

बरेच जण विचारतात की गरुड-ससाण्यांचे क्लोजअप कसे मिळतात, किती एमएमची लेन्स लागते, किती जवळ जायचं. या प्रश्नांना एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून एका हंगामात एकाच जोडीबरोबर काय काय झालं ते पूर्ण लिहून काढतेय, तारखा आणि अंतरांसकट. आम्ही तिघं होतो, मी, माझा मावसभाऊ आणि ऑफिसातला एक मित्र. एक जुनी हॅचबॅक गाडी, एक क्रॉप बॉडी (म्हणजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा), २००-५०० एमएमची झूम लेन्स, दोन बायनॉक्युलर आणि मित्राच्या काकांकडून मागून आणलेला लेझर रेंजफाइंडर, एवढंच सामान.

पक्षी कोणता, तर सापमार गरुड, इंग्लिशमध्ये ज्याला शॉर्ट-टोड स्नेक ईगल म्हणतात. साधारण ६५ सेंटीमीटर लांब, पंख पसरले की पावणेदोन-एक मीटर, पोटाकडून फिकट पांढरा, डोकं मोठं घुबडासारखं गोल आणि डोळे पिवळेधमक. पायांवर पिसं नाहीत, जाड खवले आहेत, कारण पोट भरायचं ते सापांवर. लोक समजतात की याला विष चढत नाही, पण तसं नाहीये, हा वाचतो तो चपळाईमुळे, पायांवरच्या खवल्यांमुळे आणि दाट पिसांमुळे. माळावर हवेत एका जागी पंख हलवत लटकून खाली बघणारा मोठा पांढुरका गरुड दिसला तर बहुतेक हाच.

आता या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो. एकच. ते उबवायला ४५ ते ४७ दिवस, त्यानंतर पिल्लू उडायला साधारण दहा आठवडे. म्हणजे एक घरटं फसलं की त्या जोडीचं अख्खं वर्ष गेलं. बुलबुल-वटवट्यांसारखं महिन्याभरात दुसरा डाव मांडून टाकला असं इथे होत नाही. हे मला तेव्हाही माहिती होतं, पुस्तकात वाचलेलं होतं, तरी २६ जानेवारीला मी जे केलं ते केलंच.

२६ जानेवारीला सुट्टी म्हणून आम्ही पहाटे निघालो होतो ते भोवत्यांसाठी, म्हणजे हॅरियरसाठी. थंडीत मध्य आशियातून माँटेग्यू आणि पॅलिड हॅरियर या माळांवर येतात, मार्चपर्यंत असतात. परतताना मावसभावाला एका बुटक्या हिवराच्या टोकावर काटक्यांचा ढीग दिसला आणि ढिगातून वर आलेलं गोल डोकं. झाड जेमतेम पाच मीटर, आजूबाजूला बोराची झुडपं, बाकी मोकळा माळ. तिघांच्याही अंगावर काटा आला. मी कॅमेरा उचलला आणि चालायला लागले, मागे हे दोघं, सरळ रेषेत, झाडाच्या दिशेने, दर दहा-पंधरा पावलांवर थांबून फोटो काढत.

पक्ष्याने आम्हाला दीडशे मीटरवरच बघितलं होतं. नंतर फोटो लावून बघितले तेव्हा सगळं स्पष्ट दिसलं, तेव्हा दिसूनही कळत नव्हतं. पहिल्या फ्रेम्समध्ये मादी आडवी पसरून बसलेली आहे, फक्त डोकं आमच्याकडे. मग मान वर. मग अंगावरची पिसं चोपून बसलेली, म्हणजे पक्षी एकदम बारीक दिसतो. मग उभी. मग शेपटी उचलून शिटली (गरुड उडायच्या आधी बऱ्याचदा हे करतात, हलकं व्हायचं म्हणून), आणि पुढच्या फ्रेमला पंख. तेव्हा आम्ही अंदाजे सत्तर मीटरवर होतो. फोटो काय मिळाले तर पाठमोरा उडत जाणारा गरुड, सावलीत, निम्मे फोकसबाहेर.

ती उडाली ते ८ वाजून ५२ मिनिटांनी आणि परत बसली ९ वाजून १८ मिनिटांनी, फोटोंवरच्या वेळेवरून काढलं. म्हणजे २६ मिनिटं अंडं उघडं. जानेवारीतली सकाळ, माळावर गार वारा, आणि मधल्या वेळात एक डोमकावळा येऊन शेजारच्या बोरावर बसला. तो बसला तेव्हा मला पहिल्यांदा खरं भान आलं. अंडी फस्त करायला कावळ्याला दोन मिनिटं पुरतात, आणि माणसं जिथे घुटमळतात तिथे काहीतरी आहे हे कावळ्याला बरोब्बर कळतं. आम्ही पळतच गाडीकडे गेलो, गाडी चारशे मीटर मागे नेली आणि बायनॉक्युलर लावून बसलो. ती दोनदा घिरट्या घालून गेली, तिसऱ्यांदा उतरली. गाडीत कोणी काही बोलत नव्हतं.

त्या रात्री बसून ठरवलं. घरट्यापासून दीडशे मीटरच्या आत जायचं नाही, तेही फक्त बैलगाडीच्या वाटेवरून, गाडीतून, काच अर्धी उघडून. आठवड्यातून एकदाच, वीस मिनिटं. घरट्याकडे बायनॉक्युलर लावायचा, मोठी लेन्स नाही, पिल्लू बाहेर येईपर्यंत तर नाहीच नाही. मित्राला हे जरा जास्त वाटलं, त्याचं म्हणणं एक चांगली हाइड (लपून फोटो काढायचा छोटा तंबू) लावली, कॅमो नेट टाकलं, तर काय हरकत आहे, बाहेरच्या देशात लोक करतातच की. यावर आमचं बरंच बोलणं झालं. हाइड लावून घरट्याचे फोटो काढायची पद्धत जुनीच आहे, पण तिच्यात हाइड लांब उभी करून कित्येक दिवस रोज थोडी थोडी पुढे सरकवतात, पक्षी स्वीकारतोय का ते बघत बघत, आणि ब्रिटनमध्ये तर १९८१ च्या कायद्याखाली ठरावीक पक्ष्यांच्या घरट्याजवळ जायला आधी लायसन्स घ्यावं लागतं. एरिक हॉस्किंग नावाचे इंग्लंडचे फार मोठे पक्षी-फोटोग्राफर, त्यांना १९३७ मध्ये हाइडकडे परत जाताना घुबडाने पंजा मारला आणि डावा डोळा गेला, म्हणजे घरट्याजवळ वावरणं पक्ष्याला किती लागतं याचा अंदाज घ्या. आणि मोकळ्या माळावर शनिवार-रविवार येऊन एकदम तंबू ठोकणं म्हणजे हाइड नव्हे, ते नुसतं मोठं कापड आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो हेही तेव्हा नीट वाचलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची व्याख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप रुंद आहे. मारणं, पकडणं तर आहेच, पण आमिष लावणं आहे, हाकणं आहे, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही त्यातच आहे. म्हणजे २६ तारखेला आम्ही जे केलं त्याला काय म्हणायचं ते मी वेगळं लिहायला नको.

फेब्रुवारीच्या मध्यावर एक गोष्ट बघितली जिने माझी समजूत पार बदलली. आम्ही वाटेवर गाडीत होतो. दहाच्या सुमाराला मेंढरं आली, शंभर-सव्वाशे असतील, मागे एक म्हातारे धनगर आबा आणि एक कुत्रं. सगळा कळप थेट हिवराखालून गेला, मेंढरांनी बोराच्या खालच्या फांद्या ओरबाडल्या, आबा झाडापासून दहा मीटरवरून चालत गेले, आणि पक्षी जागचा हलला नाही. मान सुद्धा वर केली नाही. आम्ही दीडशे मीटरवर गाडीत श्वास रोखून बसलेलो आणि हे दहा मीटरवर.

आबा वाटेवर आले तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आमची मेंढरं रोज खालनं जात्यात, त्ये बघत बी न्हाई. तुमचं कसं हाय ताई, तुमी येता, उभं ऱ्हाता, त्येच्याकडं टक लावून बघता. मग त्ये उठणारच की." मी म्हटलं आबा, आम्हीपण चालतच गेलो होतो. तर म्हणाले, "चालत जाणाऱ्याला कुटंतरी जायाचं असतं. तुमी त्येच्याकडंच चालला व्हता."

हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं. पुस्तकात दोन अंतरं सांगतात, पक्षी सावध होतो ते आणि पक्षी उडतो ते, आणि आपण या अंतरांना आकडा चिकटवतो की गरुड सत्तर मीटरवर उडतो, घार वीस मीटरवर उडते. पण त्याच पक्ष्याचं अंतर मेंढरांसाठी शून्य, न थांबता जाणाऱ्या धनगरासाठी दहा मीटर, आणि थांबत थांबत, रोखून बघत, सरळ अंगावर येणाऱ्या माणसासाठी सत्तर. वर त्या माणसाच्या तोंडापुढे लेन्सचं काचेचं मोठं गोल, म्हणजे एक भलाथोरला डोळाच.

(नाही, धनगरासारखी घोंगडी घेऊन जायचा विचार आम्ही केला नाही. कोणीतरी विचारतंच म्हणून लिहिलं. पक्ष्याने ज्यांच्यावर विश्वास टाकलाय त्यांचं सोंग घेऊन जाणं मला पटत नाही, आणि त्यात त्यांच्यावरचा विश्वासच गेला तर?)

आता माझी चूक. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी वाटेवरून फोन बायनॉक्युलरला लावून आठ-दहा सेकंदांची क्लिप घेतली. नराने चोचीत हिरवी पालेदार डहाळी आणली होती, मादीने ती घेऊन घरट्यात लावली, इतकं सुंदर दृश्य की राहवलं नाही. ती क्लिप मी मावसभावाला पाठवली, त्याने एका ग्रुपवर टाकली, जागेचं नाव न लिहिता. आम्हाला वाटलं नाव नाही म्हणजे झालं. पण क्लिपमध्ये मागे मोबाइलचा टॉवर होता आणि टेकडीवरचं देऊळ होतं, आणि त्या भागात नेहमी फिरणाऱ्याला तेवढं भरपूर होतं. फोटोतलं लोकेशन बंद करा हे सगळे सांगतात, मीही ते बंदच ठेवते, पण मागचं क्षितिज कोण झाकतं?

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी पोचलो तर चार गाड्या. तीन वाटेवर आणि एक मोठी एसयूव्ही वाट सोडून सरळ माळात, हिवरापासून पस्तीसेक मीटरवर. सात-आठ जण उतरून ट्रायपॉड लावून उभे, घरटं रिकामं, मादी वर घिरट्या घालतेय. समोरच्या बोराची एक चांगली जाडजूड फांदी मोडून बाजूला टाकलेली, कारण ती फ्रेममध्ये येत होती. दहा वाजत आले होते, फेब्रुवारी अखेरचं ऊन म्हणजे मुरूम तापायला लागलेला, अशा वेळी मादी अंड्यावर बसते ती ऊब द्यायला कमी आणि सावली धरायला जास्त.

मी गेले आणि जितकं शांतपणे बोलता येईल तितकं बोलले. एक अंडं आहे, पाच-सहा आठवडे झालेत, आठवड्याभरात फुटेल, आत्ता गेलं तर गेलं. खरं सांगायचं तर दोन गाड्यांमधले लोक लगेच निघाले, त्यांना खरंच माहिती नव्हतं, एकाने तर माफी मागितली. एसयूव्हीवाले म्हणाले, "पाच मिनिटं ताई, एक क्लीन शॉट मिळाला की निघतो." त्यांच्यातलाच एक दुसऱ्याला सांगत होता की पुढच्या वेळी एखादी धामण आणून समोर बांधू, मग हा पायाशी उतरेल. म्हणजे संरक्षित सापाला बांधून संरक्षित पक्ष्याला आमिष. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धा जिवंत आमिष वापरून काढलेला फोटो घेतच नाही, आणि इथे ते इतक्या सहज बोललं जात होतं की माझे हात थरथरायला लागले. पण खरं दुःख त्या माणसाचं नव्हतं, तो तिथे आला होता तो माझ्या क्लिपमुळे.

मित्राने तोवर वनरक्षकांना फोन लावला होता. ते पाऊण तासात मोटरसायकलवर आले, गाडी बाहेर काढायला लावली, नंबर लिहून घेतला. त्यानंतरच्या रविवारी वाटेच्या तोंडाला गावातली दोन पोरं बसवली, आबांचा नातू त्यातला एक. मादी त्या दिवशी परत बसली ते आम्ही पोचल्यापासून एक तास दहा मिनिटांनी, आम्ही पोचायच्या आधी किती वेळ उडालेली होती देव जाणे.

पुढचे दिवस वाईट गेले. अंडं आत मेलं असलं तरी मादी बसून राहते, आठवडेच्या आठवडे, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. ३ मार्चला मी अर्धा दिवस रजा टाकून एकटीच गेले. वाटेवर गाडी, काच अर्धी, बायनॉक्युलर. सव्वाआठला नर आला, चोचीतून सापाची शेपटी लोंबत होती (हे साप गिळूनच आणतात, शेपटीचं टोक बाहेर ठेवून), मादीने शेपटी धरून साप खेचून बाहेर काढला, हे मी आधीही बघितलं होतं. पण या वेळी तिने तो स्वतः खाल्ला नाही. मान खाली घातली आणि लहान लहान तुकडे करून, अगदी हळू, घरट्याच्या तळाला काहीतरी भरवत राहिली. मी गाडीत रडले. ३ मार्चला फुटलं धरलं तर अंडं साधारण १६ जानेवारीचं, म्हणजे आम्ही २६ ला चालत गेलो तेव्हा ते जेमतेम दहा दिवसांचं होतं.

आता क्लोजअपचं. इतकं सगळं होऊनही मला या पक्ष्याचा जवळून फोटो हवा होताच, ते नाकारत नाही. ही हौस वाईट नाही, तिला जागा चुकीची मिळाली होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मावसभावाच्या लक्षात आलं की नर घरट्यावरून निघाला की बहुतेक वेळा उत्तरेला जातो. गाडीने वाटावाटांनी शोधत गेलो तर सुमारे दीड किलोमीटरवर एका पडीक शेताच्या बांधावर वठलेलं बोराचं झाड, त्याच्याखाली पांढऱ्या शिटांचे ओघळ आणि सापाच्या खवल्यांची एक वाळलेली उलटी. त्याची रोजची बैठक ती. तिथे ना अंडं, ना पिल्लू, आणि आपण आवडलो नाही तर त्याला उडून दुसऱ्या बांधावर बसता येतं, नुकसान काही नाही. आमच्यासाठी सगळा फरक इथे होता.

जवळ किती जायचं याचा हिशेब आधी कागदावर केला, कारण बहुतेक जण लेन्सचा अंदाज न घेताच चालत सुटतात. क्रॉप बॉडीवर ५०० एमएमला दीडशे मीटरवर फ्रेमची उंची पडते साधारण पावणेपाच मीटर, म्हणजे ६५ सेंटीमीटरचा गरुड त्यात ठिपका. सत्तर मीटरवर सव्वादोन मीटर, गरुड फ्रेमच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. चाळीस मीटरवर सव्वा मीटर, गरुड निम्मी फ्रेम भरतो, हा झाला चांगला फोटो. पण चाळीस मीटरवर फ्रेमची रुंदी पावणेदोन मीटरपेक्षा जेमतेम जास्त, म्हणजे त्याने पंख उघडले की टोकाला टोक लागतं. तेव्हा तीस-चाळीस मीटरच्या आत जायची गरजच नव्हती. आणि लांबूनच जास्त एमएम लावून भागवू म्हटलं तर तेही या माळावर चालत नाही, मार्चमध्ये नऊ-साडेनऊनंतर जमिनीतून वाफा उठतात आणि साठ-सत्तर मीटरवरचं काहीही शार्प येत नाही, लेन्स लाखाची असो की दहा लाखांची. म्हणजे हातात वेळ उरतो तो उजाडल्यापासून सव्वानऊपर्यंत.

मार्चभरात नऊ सकाळी आम्ही तिथे बसलो. पद्धत अशी: साडेसहाला, तो यायच्या आधी, अंधुक उजेडात गाडी वाटेवर लावायची, सूर्य पाठीशी येईल अशी, आणि झाडाकडे तोंड करून नाही तर आडवी, म्हणजे पक्ष्याला गाडी कुठेतरी जाताना थांबलीय असं दिसावं. इंजिन बंद. खिडकीवर तांदूळ भरलेली बीनबॅग, तिच्यावर लेन्स, आधीपासूनच रोखलेली, पक्षी आल्यावर लेन्स बाहेर काढायची नाही, हलणारं नळकांडं त्याला लगेच दिसतं. मागच्या खिडक्यांना काळं कापड, नाहीतर गाडीच्या आरपार उजेड दिसतो आणि त्यात आपली डोकी. सायलेंट शटर. दार उघडायचं नाही, काही झालं तरी नाही, लघवीला जायचं असेल तर आधी जाऊन या. तो बसलेला असताना गाडी सुरू करायची नाही, तो गेल्यावरच निघायचं.

वाट त्या बांधाच्या दिशेने तिरकी जात होती म्हणून माळात न उतरता अंतर कमी करता येत होतं. पहिल्या सकाळी ९५ मीटर. तो आला, गाडीकडे बघितलं, मान उंच, पिसं चोपलेली, चार मिनिटांत गेला. आम्ही पुढे सरकलो नाही, दुसऱ्या सकाळी तिथेच ९५. तेव्हा अकरा मिनिटं बसला. तिसऱ्या सकाळी बसल्या बसल्या त्याने पिसं साफ करायला घेतली, एक पाय पोटात ओढून घेतला आणि सगळं अंग फुलवून झटकलं. ही खूण. पक्षी पिसं साफ करतोय, एका पायावर उभा आहे, अंग झटकतोय, म्हणजे तो तुमच्याकडे लक्ष देत नाहीये. त्यानंतरच ८० वर गेलो, मग ६०. साठवर त्याची मान पुन्हा ताठ झाली तेव्हा पुढच्या खेपेला मुकाट्याने ७५ वर मागे आलो. मित्राची चिडचिड झाली, आता कुठे जमत होतं असं वाटत होतं त्याला, पण मग आठव्या सकाळी ४४ वर तो आम्ही असताना येऊन बसला, गाडी बघूनही बसला.

नववी सकाळ, ३१ मीटर. सात वाजून दहा मिनिटांनी उतरला आणि बसल्या बसल्या पहिली गोष्ट काय केली तर डोकं मागे फिरवून पाठीची पिसं चोचीने सारखी केली. मी सुरुवातीला शटर दाबलंच नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये तो दोन तृतीयांश फ्रेम भरून बसलेला, पायाच्या खवल्यांमध्ये अडकलेला लाल मुरूम, डाव्या पायाच्या बोटावर जुन्या जखमेचा वण, छातीवरच्या तपकिरी रेघांमधलं एक पीस वाऱ्याने उलटं झालेलं. तो डोळा तर बघतच राहावा असा, पिवळा, आणि खाली जमिनीवर काही हललं की बाहुली लहान-मोठी होत होती, तीस मीटरवरून ते दिसत होतं. मग शांतपणे तीन-तीन, चार-चार फ्रेम्स, लांबलचक बर्स्ट नाही.

सात अठ्ठावीसला तो पुढे झुकला. मला वाटलं उडून जाणार, तर तो आमच्याच बाजूला खाली आला, गाडीपासून पंचवीस मीटरवर गवतात पाय आपटले, दोन-तीनदा जोराने, पंख अर्धवट पसरलेले, आणि वर आला तो पायात तस्कर साप घेऊन. त्या सगळ्या फोटोंमध्ये पंख कापले गेलेत. मी ५०० वर अडकून राहिले, झूम ३०० वर आणायला हवा होता, पंचवीस मीटरवर ३०० ला पंखांसकट मावला असता. तुम्ही बसाल तेव्हा हे लक्षात ठेवा, पक्षी झुकला की आधी झूम मागे. साप डोक्याकडून गिळत गिळत, शेपटी बाहेर ठेवून, तो दक्षिणेला गेला, हिवराकडे.

पिल्लाचे फोटो आमच्याकडे जवळपास नाहीत. एप्रिलअखेरपर्यंत आठवड्याला वीस मिनिटं वाटेवरून बघत राहिलो, पांढरा कापसाचा गोळा होता त्याचा तपकिरी होत गेला. १२ मेला सकाळी घरटं रिकामं दिसलं आणि पोटात गोळा आला, मग मावसभावाने दाखवलं, पन्नासेक मीटरवरच्या दुसऱ्या हिवरावर पिल्लू पंख अर्धे उघडे टाकून तोल सावरत बसलं होतं.

आबा तेव्हा वाटेवरच होते, पावसाआधी मेंढरं कुठे न्यायची या विचारात. मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बोराच्या झाडावरचा तो ३१ मीटरचा फोटो दाखवला. त्यांनी कॅमेरा डोळ्यांपासून लांब धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पाय बगा की त्येचं. मगरीगत." मग विचारलं, "ह्यो त्या झाडाजवळचा न्हाई ना?" नाही म्हटलं, बांधावरचा आहे, बोरावरचा. "मंग बरं," म्हणाले आणि कुत्र्याला हाळी घालून कळपामागे चालू लागले.

हे पक्षी बऱ्याचदा दरवर्षी नवं घरटं बांधतात, त्यामुळे पुढच्या जानेवारीत तो हिवर रिकामा असेल बहुतेक. नवं कुठे बांधलंय ते आम्ही शोधणार नाही. बोराच्या झाडाकडे जाऊ, ९५ मीटरपासून सुरुवात करू.